वय झालें म्हणून पुस्तक मिटूं नये

खेड्यांतील आपल्या मंडळ्यांत एक समज फार खोल रुजलेला आहे. तो असा कीं, शिकणें हें पोरांचें काम. चाळिशी उलटली म्हणजे माणसानें जें पदरीं पडलें तेवढ्यावर निर्वाह करावा. "आतां आम्हांस काय शिकवितां, आमच्या गोवऱ्या मसणांत गेल्या," असें वडील माणसें हंसत हंसत म्हणतात. (ख्रिस्ती माणसास गोवऱ्यांशीं काय काम, हा प्रश्न निराळा!) आणि जो उपदेशक पंचवीस वर्षांपूर्वीं शिकून गांवीं आला, तोहि पुष्कळदां त्याच वेळच्या वह्यांवर आजवर काम चालवीत असतो. त्याचें पुढचें वाक्य ऐकणारांस आधींच ठाऊक असतें. तेव्हां वर सांगितलेला समज कितपत खरा आहे, हें प्रस्तुत पाठांत पाहूं.

भारत, जर्मनी व नेदरलंड येथील संशोधकांनीं लखनौजवळच्या खेड्यांतील कांहीं निरक्षर माणसांस सहा महिने हिंदी वाचावयास शिकविलें. हीं माणसें मुलें नव्हतीं. त्यांचें वय सरासरीनें तिशीच्या आसपास होतें, व त्यांत स्त्रियांचा भरणा अधिक होता. लिपी तीच, जींत वाचक हा लेख वाचीत आहेत. शिक्षणाच्या आरंभीं व अखेरीस यंत्राच्या साहाय्यानें त्यांच्या मेंदूंची पाहणी करण्यांत आली. तींत असें दिसून आलें कीं, डोळ्यांनीं पाहिलेलें ज्या वाटेनें मेंदूंत पोंचतें त्या वाटेवरील खोलवरचे भाग, पाहण्याच्या केंद्राशीं पूर्वींपेक्षां अधिक जुळवून काम करूं लागले होते. हा शोध २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. मोठ्या वयाच्या मनुष्याचा मेंदू वाळलेल्या मातीच्या मडक्यासारखा असतो, त्यास नवा आकार देतां येत नाहीं, असें ज्यांस वाटतें त्यांनीं या सहा महिन्यांचा विचार करावा.

आपल्या महाराष्ट्रांतहि उदाहरणें थोडीं नाहींत. ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत फांगणे म्हणून गांव आहे; तेथें ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी साड्या नेसून पाटीदप्तर घेऊन शाळेंत येऊं लागल्या, आणि अंगठा उठविणाऱ्या हातांनीं आपलें नांव लिहिलें. लक्ष्मीबाई टिळक यांचें नांव तर आपणांस परकें नाहीं. त्या १८६८ सालीं जन्मल्या. शाळेंत गेल्या नाहींत. लग्नानंतर पतीनें अक्षरें शिकविलीं. १९१९ सालीं रेव्हरंड टिळक वारले तेव्हां त्यांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. 'स्मृतिचित्रें' हें त्यांचें पुस्तक प्रसिद्ध होऊं लागलें तें १९३४ मध्यें, म्हणजे त्यांच्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षाच्या सुमारास. पंडिता रमाबाई यांनीं प्रौढपणीं हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, व १९२२ सालीं मरण येईपर्यंत तें काम सोडलें नाहीं. खेड्यांतील साध्या बायकांस समजावें ही त्यांची खटपट होती.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे, कारण औषधाच्या जाहिरातीसारखें वचन देणें बरें नव्हे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरांत पंचाहत्तरीच्या पुढील ४६९ माणसांवर कांहीं वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. जीं वाचीत, पट मांडून खेळत, वाद्य वाजवीत किंवा नाचत, त्यांस स्मृतिभ्रंश कमी प्रमाणांत झाला, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु ज्याची बुद्धि आधींच ढासळूं लागली आहे तो आपोआपच पुस्तक खालीं ठेवतो. म्हणून वाचनानेंच सर्व लाभ झाला असें यावरून सिद्ध होत नाहीं. हैदराबादेंत ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांची पाहणी झाली (ती २०१३ सालीं छापली गेली). तींत दोन किंवा अधिक भाषा बोलणारांस हा रोग सुमारें साडेचार वर्षें उशिरा जडल्याचें आढळलें, आणि जे अगदीं निरक्षर होते त्यांच्यांतहि असाच फरक दिसला. भिल्ल, वारली किंवा कोरकू लोकांत काम करणाऱ्या उपदेशकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या लोकांची बोली शिकल्यानें रोग टळेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्याच्या घरीं जाऊन बसावयाचें त्याची बोली शिकणें हा काय तोटा आहे?

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. "वाचतों, पण राहत नाहीं," ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते. एबिंगहाउस नांवाच्या जर्मन पंडितानें स्वतःवरच प्रयोग करून १८८५ सालीं दाखविलें कीं, पाठ केलेल्यांपैकीं पुष्कळसें पहिल्या दिवसाच्या आंतच निसटतें, आणि त्यानंतरची गळती मंद होत जाते. म्हणून विसरणें हा म्हातारपणाचा दोष नव्हे. मन असेंच घडलेलें आहे. उपाय काय? बहुतेक लोक तेंच पान पुन्हां पुन्हां वाचतात. २००६ मध्यें अमेरिकेंतील सेंट लुइस येथें विद्यार्थ्यांवर याची परीक्षा झाली. पांच मिनिटांनीं विचारलें तेव्हां पुन्हां पुन्हां वाचणारे सरस ठरले. पण आठवड्यानें विचारलें तेव्हां, ज्यांनीं उतारा बाजूस ठेवून आठवेल तें लिहून काढलें होतें त्यांच्याच ध्यानांत अधिक राहिलें होतें. फसगत होते ती येथेंच. वाचतांना सर्व ओळखीचें वाटतें, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असें मनुष्य समजून बसतो.

यास्तव एक पान वाचावें व पुस्तक मिटावें. मग तें पत्नीस, मुलास, किंवा बांधावर भेटलेल्या शेजाऱ्यास आपल्या शब्दांत सांगावें. सांगतांना जेथें अडखळलें तेथें खूण करून तेवढेंच पुन्हां पाहावें. दुसऱ्या दिवशीं एकदां, आठवड्यानें एकदां, महिन्यानें एकदां आठवावें. ज्यास नीट लिहितां येत नाहीं त्यालाहि हें साधेल. गांवांत एकच वाचणारा असला तरी दहा जण ऐकूं शकतात, आणि त्या दहांतील प्रत्येकानें एकेक गोष्ट परत सांगितली तर ती निरक्षरांचीहि शाळाच झाली. विषय नेहमींचाच नसावा. कोंबड्यांचे रोग, जमिनीच्या सातबाऱ्यावरील नोंदी, ताऱ्यांचीं नांवें, परदेशचा इतिहास, जें ठाऊक नाहीं तें घ्यावें. मोबाइलवर एकामागून एक येणारीं चित्रें पाहत बसणें मात्र या कामीं फारसें उपयोगाचें नाहीं, कारण तेथें आठवण्यास अवकाशच मिळत नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी क्षुल्लक वाटते पण तशी नाहीं. पुष्कळ वडील माणसें वाचन सोडतात तीं आळसानें नव्हे, तर अक्षर दिसत नाहीं म्हणून. जवळचें दिसण्याच्या चष्म्यास आपल्या लोकांनीं 'चाळिशी' हेंच नांव दिलें आहे. मग तो लावण्याची लाज कां वाटावी? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राच्या मंडळानें २०२४ मध्यें स्मृतिभ्रंशाचीं टाळतां येण्याजोगीं १४ कारणें सांगितलीं. त्यांत थोडें शिक्षण आहे, रक्तदाब व मधुमेह आहेत, आणि उपचार न केलेलें दृष्टिमांद्य व बहिरेपणहि आहे. ज्या घरीं म्हाताऱ्यांस पुस्तक आणून द्यावयाचें, तेथें आधीं त्यांच्या डोळ्यांची तपासणी करून आणावी.

वर्ग घेणारांनीं पुढील प्रश्न आज नव्हे, तर येत्या आठवड्यांत, हें पत्र दूर ठेवून विचारावे. लखनौजवळच्या लोकांस किती दिवस शिकविलें, व त्यांच्या मेंदूंत काय फरक दिसला? न्यूयॉर्कच्या पाहणीवरून कोणता निष्कर्ष काढतां येत नाहीं, आणि कां? पुन्हां पुन्हां वाचणारांची फसगत कशी होते? आपल्या गांवांत चष्म्यावांचून वाचन सोडलेलें कोण आहे?