परीक्षक झालीस ना, मग आता घाबरतेस कशाला गं?

तुझा निरोप वाचला तेव्हाच ओळखलं, की भिडेखातर होकार देऊन बसली आहेस आणि आता झोप उडाली आहे. वाचनालयाच्या कलादालनात प्रदर्शन, गावातल्या हौशी आणि मुरलेल्या सगळ्यांची चित्रं एका छताखाली, आणि परीक्षक म्हणून तू. 'मी कोण कुणाला नंबर देणारी?' असं वाटतंय ना? वाटू दे. खरं सांगू का, ज्यांना असं अजिबात वाटत नाही त्यांच्या हाती निकालाचा कागद गेला की मला जास्त धास्ती वाटते.

आधी एक काम कर. आयोजकांना आजच फोन लाव आणि नियम लेखी मागून घे. विभाग किती, मुलांचे वयोगट कसे पाडलेत, जलरंग आणि तैलरंग एकत्र आहेत की वेगळे, फोटोवरून काढलेलं चालतं का, चित्रकारांची नावं झाकणार आहेत का, हे सगळं विचार. संकोच करू नकोस, तुझ्या विचारण्यामुळेच त्यांना नियम सुचतील. कॉम्प्युटरवर केलेल्या चित्रांचं तर आधीच ठरवून घे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या राज्य जत्रेत २०२२ साली डिजिटल कलेच्या विभागात पहिलं बक्षीस एआयनं तयार केलेल्या चित्राला गेलं आणि मग जगभर वाद पेटला. बक्षीस जाहीर झाल्यावर नियम शोधत बसायची वेळ तुझ्यावर नको. आणि बघ, तुझ्या क्लासची मुलं किंवा नात्यातलं कुणी भाग घेणार असेल, तर ते पहिल्याच बैठकीत सांगून टाक. त्या विभागाचे गुण दुसऱ्यांनी द्यावेत. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. नावावर चिकटपट्टी लावली तरी हात ओळखू येतोच.

परीक्षणाला गर्दीच्या आधी जा. सपाट चपला घाल, पदर किंवा ओढणी खोचून घे. हसू नकोस, माझ्या एका चांगल्या साडीच्या पदरावर कुणाचा तरी सूर्यास्त कायमचा उमटलाय. तैलरंग वाळायला किती दिवस लागतात ते आपल्याला माहीत असतं, पण प्रदर्शनाच्या आदल्या रात्री चित्र पूर्ण करणाऱ्याला कोण सांगणार!

पहिली फेरी हातात पेन न घेता मार. नुसती बघ. या फेरीत काय होतं माहितीये? मोठा कॅनव्हास, चकचकीत ॲक्रिलिक, सोनेरी फ्रेम आणि दारासमोरची जागा, यांच्यापुढे आपले डोळे लगेच विरघळतात. आणि कोपऱ्यात काचेमागे एखादं वहीच्या पानाएवढं जलरंगातलं निसर्गचित्र असतं, ज्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तेवढं स्वच्छ दिसतं. अशा वेळी बिनधास्त सांग, 'दादा, हे जरा उतरवून खिडकीपाशी द्याल का?' देतात गं, कुणी रागवत नाही. टांगण्यात तर मोठमोठ्यांचा घोटाळा होतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९६१ साली मातीसचं एक चित्र चक्क उलटं टांगलं गेलं आणि ४७ दिवस तसंच राहिलं. चूक पकडली ती प्रदर्शन बघायला आलेल्या एका बाईंनी. तेव्हा वाचनालयाच्या शिपायानं घाईत एखादं अमूर्त चित्र आडवं लावलं असेल, तर मागचा हुक आणि सही कुठे आहे ते आपणच बघायचं.

दुसऱ्या फेरीत जवळ जा. सावळाराम हळदणकरांचं ते हातात निरांजन धरलेल्या मुलीचं चित्र आठवतंय ना, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं? कित्येक जण ते रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. आहे ते हळदणकरांचं आणि जलरंगातलं. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो उजेड कागदावर पाण्याच्या रंगानं आणायचा म्हणजे काय, हे जलरंग हाताळलेल्यालाच कळतं. तिथे चूक झाकायला पुन्हा थर चढवता येत नाही, कागदाचा पांढरा राखावा लागतो. म्हणून सांगते, माध्यम काय आहे ते वाचल्याशिवाय गुण देऊ नकोस. तैलचित्राच्या भरघोसपणाशी जलरंगाची तुलना केलीस तर बिचारा जलरंग दर वेळी हरेल. जलरंगात बघायचं ते, रंग मळलेत की ताजे राहिलेत, वॉश एका दमात मारलाय की घासत बसलेत.

आता खरी डोकेदुखी. वारली. तुझ्या प्रदर्शनात किमान एक भिंत वारलीची असणार, पैज लाव. टेबल मॅट, हँडमेड पेपर, सुपं, फुलदाण्या, सगळ्यांवर तोच तारप्याभोवतीचा गोल नाच. बघून बघून कंटाळा येतो आणि मग आपण 'हे तर सगळेच करतात' म्हणून सरसकट पाच गुण देऊन पुढे जातो. तसं करू नकोस. मुळात ही चित्रं गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानं निघायची. लग्नाचा चौक सवाष्णी लिहायच्या आणि मधोमध पालघाट देवी असायची. जिव्या सोमा म्हशांनी सत्तरच्या दशकापासून ती कला लग्नविधीपुरती न ठेवता कागदावर, कापडावर आणली. त्यांच्या रेषेतली माणसं बघ कशी झुकतात, ओढतात, धावतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस कुणीही काढतं, पण त्या माणसाच्या कंबरेत जोर आहे का? ओझं उचलणारा खरंच वाकलाय का? की नुसते ठसे मारत गेलेत? हा फरक दिसला की गुण आपोआप सुचतात. एखाद्या बाईंनी तारपा सोडून आपल्या गल्लीतला पाण्याचा टँकर आणि हंड्यांची रांग त्या रेषेत काढली असेल, तर मी तरी तिथे जास्त वेळ थांबेन. अर्थात, नुसता विषय नवा म्हणून नव्हे हं. रेषा लटपटत असेल तर टँकरही वाचवू शकत नाही.

मुलांच्या विभागात फार तात्त्विक होऊ नकोस. दोन डोंगरांमधला सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड हे क्लासमध्ये घोटून घेतलेलं असतं आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या चित्रात छायाप्रकाश एकदम पंचेचाळिशीचा दिसला तर घरातल्या कुणाचा तरी हात फिरलेला असतो. आरोप करायचा नाही. ज्या चित्रात आजीचं डोकं घरापेक्षा मोठं आहे आणि तरी ती आजीच वाटते, त्यावर खूण करायची.

मग गुणांची बेरीज. इथे जपून. समजा तुम्ही तिघं परीक्षक. एका चित्राला तिघांनी सात-सात दिले, झाले एकवीस. दुसऱ्याला तू दहा दिलेस, एकानं आठ आणि तिसऱ्या काकांनी नाक मुरडून दोन, झाले वीस. पहिलं बक्षीस गेलं कुणाला? कमी तिखटाच्या पंगतीच्या भाजीला, जी कुणालाच वर्ज्य नसते आणि घरी जाऊन कुणी आठवतही नाही. म्हणून नुसत्या बेरजेवर निकाल लावू नका. गुण देऊन झाले की पहिली सहा-सात चित्रं शेजारी शेजारी मांडा आणि त्यांच्यापुढे उभं राहून बोला. काकांना विचार, दोन का दिलेत? कदाचित त्यांना खरंच काही दिसलं असेल, जे तुझ्या दहात सुटलं. तू सगळ्यात लहान असशील म्हणून मान डोलावत राहू नकोस, आणि हट्टालाही पेटू नकोस.

चुकेल याची भीती वाटते ना? अगं, अमृता शेरगिलची गोष्ट ऐक. १९३५ साली शिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीनं तिच्या एका चित्राला बक्षीस दिलं, पण तिची दुसरी काही चित्रं नाकारली. तिनं बक्षीस सरळ परत केलं, वर कडक पत्रही पाठवलं. दोनच वर्षांनी, १९३७ साली, बॉम्बे आर्ट सोसायटीनं तिच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिलं. चित्रकार तीच, परीक्षक वेगळे. तुझ्या निकालानं कुणाचं आयुष्य घडत किंवा बिघडत नाही, पण त्या संध्याकाळी कुणाचं तरी तोंड नक्की पडतं. त्याची तयारी ठेव.

ती तयारी अशी. प्रत्येक चित्रासमोर आकड्याच्या आधी एक ओळ लिही. 'चेहऱ्याचा रंग जिवंत, पण हात घाईत उरकलेत.' 'मांडणी छान, मागचं आकाश ओझं झालंय.' बस, एवढंच. बक्षीस समारंभानंतर चहाच्या टेबलाशी कुणीतरी येणारच, 'मॅडम, माझं का नाही आलं?' तेव्हा 'खूप छान होतं हो, पण स्पर्धा तगडी होती' असलं गुळमुळीत बोललीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. वही उघड आणि ती ओळ वाचून दाखव. रागावलेला माणूससुद्धा आपलं चित्र कुणीतरी नीट पाहिलंय हे कळलं की थोडा सैलावतो. काही जण मुळीच सैलावत नाहीत. त्यांना बिस्किटांची बशी पुढे कर आणि दुसरीकडे वळ.

उत्तेजनार्थ बक्षिसं मात्र खिरापतीसारखी वाटू देऊ नकोस. आयोजक म्हणतील, 'अजून चार नावं वाढवा, तेवढेच लोक खूश.' दोन ठेव आणि ती का, हे स्टेजवरून एकेका वाक्यात सांग. हो, आणि स्टेजवर जायच्या आधी विजेत्यांची नावं, आडनावं, चित्रांचे क्रमांक यादीशी पुन्हा एकदा ताडून बघ. चष्मा घेऊन जा. मानधन विचारलं तर नको म्हणू नकोस, निदान रिक्षाचे पैसे तरी घे.