मुक्या प्राण्यांच्या भावना आणि आपली लेखणी

डिसेंबर 2021 मध्ये आपल्या दिंद्रुडप्रमाणेच माजलगाव तालुक्यात असलेल्या लवूळ गावाचे नाव दूरदूरच्या वर्तमानपत्रांत झळकले. वानरे कुत्र्यांची पिले उचलून उंच जागी नेतात व ती पिले मरतात, असे गावकरी सांगत होते. वर्तमानपत्रांनी मथळा दिला तो मात्र 'सूड' असा. मेलेल्या पिलांची संख्या कोणी 80 छापली, कोणी 250. अखेर वनखात्याने दोन वानरे पकडून नेली.

'सूड' हा शब्द लहान, पण त्याचे ओझे मोठे. कुत्र्यांनी वानराचे पिलू मारले, ते याच वानरांनी ध्यानात ठेवले आणि शिक्षा म्हणूनच ही पिले नेली, इतके सिद्ध झाल्यावाचून तो शब्द लिहिता येत नाही. वानरांच्या माद्यांना तर दुसरीचे पिलू उराशी धरून फिरण्याची सवयच असते. कदाचित तीच ओढ येथे चुकीच्या पिलावर गेली असेल. साध्या कारणाने उलगडा होत असता मोठ्या बुद्धीचे कारण जोडू नये, असा नियम लॉइड मॉर्गन या पंडिताने 1894 साली घालून दिला तो याचसाठी.

मग प्राण्यांना भावनाच नाहीत काय? तसे म्हणणे हीदेखील चूकच होय. वासरू दूर नेले की गाय हंबरते, दाराकडे पाहत राहते, चाऱ्यास तोंड लावीत नाही. वासरू परत येताच शांत होते. एवढे पाहून तिला 'दुःख झाले' असे लिहिण्यास आम्ही कचरणार नाही. डार्विनने 1872 साली मनुष्य व प्राणी यांच्या भावनांवर ग्रंथ लिहिला, त्यात कान, केस, ओठ व स्नायू यांच्या हालचाली बारकाईने वर्णिल्या. जेन गुडॉल यांनी 1960 पासून आफ्रिकेतील गोंबेच्या रानात चिंपांझींना क्रमांक न देता नावे दिली. परंतु त्या नावांमागे वर्षानुवर्षांची रोजची टिपणे होती. म्हणूनच त्यांच्या लेखनातील माया वाचकास खरी वाटते.

तेव्हा प्राण्यांवरील पुस्तक वाचताना हातात पेन्सिल असू द्या. लेखकाने डोळ्यांनी पाहिले त्याखाली एक रेघ ओढा. मनाने ताडले त्याखाली दोन. पहिल्या रेघा मुळीच नसतील, तर ती गोष्ट आहे, शास्त्र नव्हे. गोष्ट म्हणून ती खुशाल वाचा. स्वतः निबंध लिहितानाही हाच क्रम ठेवा: आधी पाहिलेले, मग त्यावरून वाटलेले.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मूल घरी येऊन 'बैल रागावला' असे म्हणाले, तर त्यास खोटे पाडू नका. 'तू काय पाहिलेस?' एवढेच विचारा. मुक्या जिवाची साक्ष त्याला स्वतःला देता येत नाही; ती आपणच देतो. म्हणून ती खरी असली पाहिजे.