माफी, सूट आणि मुदत
(मोठ्या गटासाठी वाचनपाठ)

बालमित्रांनो, मागच्या रविवारी वर्गात एकजण म्हणाला, "ताई, त्या मोठ्या थंडीत सगळ्यांचं विजेचं बिल माफ झालं होतं!" तसे झाले नव्हते. मग काय झाले होते, ते आज पाहू.

आपल्या ह्यूस्टनमध्ये बिल पाठवणारी कंपनी ही दुकानदारासारखी असते. वाणी घाऊक बाजारातून धान्य आणून किरकोळ विकतो, तशी ती वीज आणून विकते. टेक्सासमध्ये ही पद्धत २००२ साली सुरू झाली. या दुकानदारांना नियम आहेत. बिल वेळेवर पाठवायचे. वीज तोडण्याआधी लेखी सूचना द्यायची. घाऊक बाजार चालवणाऱ्या 'एरकॉट' या संस्थेचे पैसे वेळेवर भरायचे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठले. गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रे बंद पडली. १५ तारखेच्या पहाटेपासून वीज तोडावी लागली आणि ४५ लाखांहून अधिक घरे-दुकाने अंधारात गेली. राज्याच्या मोजणीनुसार २४६ माणसे दगावली. एरवी काही सेंटना मिळणारे विजेचे एक युनिट घाऊक बाजारात ९ डॉलरला गेले. ज्यांचा दर घाऊक भावाशी जोडलेला होता, त्यांना हजारो डॉलरची बिले आली.

२१ फेब्रुवारीला राज्याच्या आयोगाने कंपन्यांना सांगितले, "बिल थकले म्हणून कोणाची वीज तोडू नका. बिले पाठवणेही लांबणीवर टाका." वेळेवर बिल पाठवण्याचा नियम थोडे दिवस बाजूला ठेवला, ही झाली 'सूट'. लोकांना पैसे भरायला वेळ मिळाला, ही 'मुदत'. पण देणे तसेच राहिले. म्हणजे ती 'माफी' नव्हती.

कंपन्यांनाही एरकॉटचे पैसे भरणे जड गेले. म्हणून २०२१ मध्येच विधिमंडळाने कायदा करून २९० कोटी डॉलरपर्यंत कर्ज उभारायला परवानगी दिली. ते फेडायला ३० वर्षांपर्यंत मुदत आहे. हप्ते वीज विकणाऱ्यांकडून घेतले जातात, आणि दुकानदाराचा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलात येतो. २०२१ साली दहा वर्षांचे असलेले मूल हे कर्ज फिटेपर्यंत चाळिशीला येईल!

मग सूट देणे चूक होते का? नाही. गारठलेल्या घराची वीज तोडणे केव्हाही वाईटच. पण संकटात नियम सैल केला, की तीन प्रश्न विचारावेत: सूट कोणाला? किती दिवस? आणि शेवटी पैसे कोण भरणार? त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला. घाऊक भावाशी जोडलेला दर घरगुती ग्राहकांना देण्यास त्याने बंदी घातली.

शब्दार्थ
घाऊक – मोठ्या प्रमाणात केलेली खरेदी-विक्री
किरकोळ – थोडी थोडी विक्री
थकणे – (पैसे) वेळेवर न भरल्यामुळे देणे राहणे
आजचे मरण उद्यावर ढकलणे – संकट न टाळता फक्त पुढे ढकलणे

स्वाध्याय
१. 'माफी', 'सूट' आणि 'मुदत' वापरून एकेक वाक्य लिहा.
२. वरचा वाक्प्रचार या गोष्टीला लागू पडतो का? तीन वाक्यांत सांगा.
३. आईबाबांबरोबर घरचे बिल वाचा. आपला दर ठरलेला आहे की बदलता? पुढच्या रविवारी वर्गात सांगा.