मेंदूची प्रतिमा आणि मनाचा आजार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. घरे पुन्हा उभी राहिली. वाचलेल्यांपैकी अनेकांच्या मनाचा हादरा मात्र लवकर ओसरला नाही. अशा विकाराची खूण मेंदूत दिसते काय, हा आज पदव्युत्तर संशोधनाचा विषय आहे.

लंडनमध्ये १९७१ साली सी. टी. स्कॅनने प्रथमच रुग्णाच्या मेंदूचा छेद टिपला, पुढे एम. आर. आय. आले. रक्तस्राव, किंवा फेफरे आणणारी पट्टकृमीच्या अळीची गाठ या प्रतिमांत बहुधा स्पष्ट दिसते. मनोविकारांचे तसे नाही. आघातोत्तर विकारात स्मृतीशी निगडित ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग सरासरीने लहान आढळतो. परंतु ही सरासरी समूहाची असते, तीवरून एका रुग्णाचे निदान होत नाही. प्रतिमा निर्दोष आली म्हणून रुग्णास ढोंगी ठरविणे हा अन्यायच होय.

नांदेड वा लातूर येथील संशोधकास तुलनेसाठी त्याच परिसरातील निरोगी व्यक्तींच्याही प्रतिमा लागतात, आणि धडधाकट माणूस यंत्रात झोपावयास सहसा राजी होत नाही! एम. आर. आय.मध्ये क्ष-किरण नसतात. शरीरात धातूची वस्तू असल्यास मात्र ती आधी सांगावी लागते. संमती ऐच्छिक असते, नकार देता येतो, हेही शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ग्रामस्थांस समजावून सांगावे.