नदीकाठची जमीन नेमकी कुणाची?

प्रश्न : इंडोनेशियातल्या नदीकाठच्या एका खेड्याबद्दल वाचलं. तिथली घरं लाकडी खांबांवर उभी असतात, खालून नदी वाहते आणि दारात होडी बांधलेली असते. आमचं गावही भीमेच्या काठी आहे, पण घरं नदीपासून लांब, उंचावर. आमच्या पूर्वजांना असं का सुचलं नाही? – एक वाचक, दौंड तालुका

उत्तर : सुचलं नसेल असं नाही, गरज पडली नाही. इंडोनेशियातल्या कालीमंतानमध्ये, बंजारमासिनच्या परिसरात, जमीन दलदलीची, पाऊस जवळपास बारमाही आणि नदीला समुद्राच्या भरती-ओहोटीचा फुगवटा. तिथे नदी हाच रस्ता होता, म्हणून घरंही त्याच रस्त्याला लागून बांधली गेली. काही घरं तर ओंडक्यांच्या तराफ्यावर तरंगती असतात.

भीमा आणि घोड यांचा स्वभाव निराळा. शिरूर-दौंड पर्जन्यछायेतला मुलूख. इथल्या नद्यांना पूर येतो तो सह्याद्रीत पाऊस कोसळल्यावर, कधी कधी आपल्या शिवारात थेंब पडलेला नसताना. पूर दोन-चार दिवसांचा असतो. धरणं होण्याआधी उन्हाळ्यात पात्रात डोह तेवढे उरायचे. अशा नदीतून गावोगाव प्रवास होत नाही. होडी लागायची ती पैलतीरी जाण्यापुरती. दौंड तालुक्यातल्या शिरापूरहून सिद्धटेकच्या गणपतीला जाणारे भाविक पूल होईपर्यंत होडीनेच भीमा ओलांडत.

म्हणून वस्ती उंचावरच्या पांढरीत आणि पीक काठच्या काळीत अशी विभागणी झाली. पूर काळीत शिरला तर पीक नेतो, पण पोयटा ठेवून जातो. पांढरीत शिरला तर मातीच्या भिंती बसतात आणि हाती काहीच राहत नाही.

प्रश्न : ही विभागणी किती जुनी असेल? नदीकाठी शेती करणारे पहिले लोक कसे राहत होते?

उत्तर : याचं उत्तर शिरूर तालुक्यातच सापडतं. घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी या संशोधकांनी खणून काढलेली ही वस्ती इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. लोक सातू पिकवत, गुरं पाळत, नदीतले मासे खात.

मालमत्तेच्या दृष्टीने तिथल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार मिळालं. हे घर गावच्या प्रमुखाचं असावं, असं संशोधकांनी मानलं. दुसरी गोष्ट म्हणजे पुराचं पाणी वळवण्यासाठी खणलेला पाट आणि त्यालगतचा बांध. एवढं काम एका कुटुंबाच्या हातून होत नाही. कुणीतरी माणसं लावली असणार आणि पाण्याची वाटणीही ठरवली असणार. तिथले लोक मृतांना घराच्याच जमिनीखाली पुरत, मोठ्या माणसांच्या पायांचा घोट्याखालचा भाग काढून. गेलेल्याने घर सोडून जाऊ नये अशी त्यामागची समजूत असावी, असा एक अर्थ लावला जातो. उत्तरकाळात हवामान कोरडं होत गेलं तसं चौकोनी मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाणी हटलं तशी श्रीमंतीही हटली.

प्रश्न : माझा बांध थेट नदीला भिडतो. मग पात्राच्या मध्यापर्यंतची जमीन माझी का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले आणि त्यांचं पात्र ही सरकारची मालमत्ता. पात्रातली वाळूही सरकारचीच. परवानगीशिवाय ती उचलली तर बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो. पात्र आपलं नसलं तरी त्याच्या उपशाचा फटका मात्र आपल्याला बसतो. पात्र खोल गेलं की काठ ढासळतो आणि काठच्या विहिरींचं पाणी उतरतं.

मळईचा नियम थोडा वेगळा आहे. नदीने गाळ टाकून आपल्या काठाला नवी जमीन जोडली, तर ती एक एकराहून अधिक होईपर्यंत काठाच्या धारकाला तात्पुरती वापरता येते. त्यापुढे तिचं काय करायचं ते जिल्हाधिकारी ठरवतात. उलट नदीने जमीन कापून नेली तर साऱ्यात सूट मागता येते.

उजनीच्या फुगवट्याकडच्या गावांची गोष्ट आणखी वेगळी. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचं पाणी दौंड तालुक्यापर्यंत येतं. उन्हाळ्यात ते ओसरलं की संपादित जमीन उघडी पडते आणि ‘गाळपेर’ म्हणून हंगामापुरती भाड्याने दिली जाते. आजोबांच्या नावचा सातबारा जिथे बुडाला, तिथेच नातू तीन-चार महिन्यांचं पीक काढतो, तेही भाडं भरून.

प्रश्न : आमची जमीन नदीपासून दीड किलोमीटर आत आहे. काठावरच्या शेतकऱ्याने पाइपलाइन अडवली तर?

उत्तर : या भागातली निम्मी भांडणं याच प्रश्नावरची. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी भीमा आणि घोड उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत भरलेल्या राहू लागल्या आणि ऊस वाढला. पाटसचा भीमा कारखाना, न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना, केडगाव परिसरातली गुऱ्हाळं, सगळा डोलारा या पाण्यावर उभा राहिला. नदीकाठाने फिरलं की मोटारींची रांगच दिसते. खांबांवर स्टार्टरच्या पेट्या, खाली एकमेकींवरून गेलेल्या पाइपा. काठावर जेमतेम गुंठाभर जागा घ्यायची ती पिकासाठी नव्हे, मोटार बसवायला.

कायद्याने रस्ता ठेवला आहे. संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून दुसऱ्याच्या जमिनीतून पाइपलाइन नेण्याची परवानगी मिळते. पाइप किमान अर्धा मीटर खोल गाडायचे, जमीन पूर्ववत करून द्यायची आणि नुकसान झालं तर भरपाई द्यायची. नदीतून उपसा करायला पाटबंधारे खात्याचा परवाना लागतो तो वेगळा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तोंडी सलोख्यावर काम चालतं. भाऊभाऊ, चुलते-पुतणे एका विहिरीत आण्यांचे हिस्से धरतात. चार आणे हिस्सा म्हणजे चार दिवसांतली एक पाळी. पाळी चुकली आणि त्या दिवशी लाईट गेली, की बोलाचाली सुरू. त्यात थ्री-फेज लाईट रात्रीची असली, तर उसातल्या बिबट्याची भीती घेऊन दारं धरायला जायचं.

पावसाळ्यात याच मोटारींचा घोर. धरणातून विसर्ग वाढणार असला की गावच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो, नदीकाठच्यांनी मोटारी काढून घ्या. मग बॅटरीच्या उजेडात नटबोल्ट सोडायचे, दोर लावून मोटार वर ओढायची आणि ट्रॅक्टरमध्ये टाकून पांढरीत न्यायची. एखाद्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आणि म्हातारा एकटा असला तर शेजारी त्याचीही मोटार काढतात. बांधावरून कोर्टात गेलेले लोकही त्या रात्री एकाच दोराला हात लावतात.

प्रश्न : इंडोनेशियात जमीन मुलींच्या नावे होते असं ऐकलं. खरं का?

उत्तर : सगळीकडे नाही. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ समाजात वडिलोपार्जित घर आणि भातखाचरं आईकडून मुलीकडे जातात. आपल्याकडे कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. व्यवहारात मात्र वारसनोंद झाली की बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलं जातं, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. पाइपलाइन, विहीर, मोटार तर भावांच्या वाटणीपत्रातच वाटून झालेली असते. बहिणीने हिस्सा घेतला तरी पाण्याशिवाय तो जिरायतच राहतो.

प्रश्न : नदीकाठी दोन एकर घ्यायचा विचार आहे. काय तपासू?

उत्तर : आधी आपण शेतकरी आहात का ते पाहा. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. इंडोनेशियातही १९६० च्या जमीन कायद्याने पूर्ण मालकी फक्त नागरिकांनाच दिली. जमीन कुणाच्या हाती जावी, याची काळजी दोन्ही देशांना आहे.

मग सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना डोळ्यांत तेल घालून वाचा. पुणे जिल्ह्यातल्या पश्चिमेकडच्या धरणग्रस्तांना शिरूर-दौंडच्या लाभक्षेत्रात जमिनी दिल्या गेल्या, म्हणून अनेक सातबाऱ्यांवर ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा पडला. तो असेल तर व्यवहार अडतो. घर बांधायचं असेल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळ्या रेषेच्या आतलं क्षेत्र म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. मुळा-मुठेच्या संगमाखालची जमीन असेल तर पाण्याचा नमुना तपासून घ्या. पुण्याचं सांडपाणी तिकडेच उतरतं आणि उन्हाळ्यात पात्र जलपर्णीने भरतं.

आणि सगळ्यात शेवटी नव्हे, सगळ्यात आधी हे विचारा : मोटार कुठे बसणार, पाइप कुणाच्या बांधातून येणार, विहिरीत हिस्सा किती आण्यांचा? ही उत्तरं तोंडी घेऊ नका, खरेदीखतात लिहून घ्या. नदीकाठी सातबारा जमिनीची मालकी देतो. तिची किंमत ठरते पाण्यापर्यंतच्या वाटेवर, आणि ती वाट कागदावर नसेल तर दोन एकर घेऊनही आपण जिरायतदारच राहाल.