गाडी घेताना भीड नको

अगं, पिनरमधला पहिला हिवाळा काढलास आणि आता गाडी हवीशी वाटायला लागली, यात नवल काहीच नाही. रोजच्या कामाला मेट्रोपॉलिटन लाईन आहे, 183 नंबरची बस आहे, तेवढ्यावर भागतं. पण मुलाला पोहायला न्यायचं, वेम्बलीहून आठवड्याची भाजी आणायची, गणपतीत डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जायचं म्हणजे वेम्बली पार्कला उतरून ज्युबिली लाईन पकडायची, येताना मूल खांद्यावर झोपलेलं आणि दुसऱ्या हातात पिशव्या. हे सगळं पावसात करून बघितलं की माणूस गाडीच्या जाहिराती चाळायला लागतोच.

तू विचारलंस, "ताई, इथे डीलरशी घासाघीस करतात का? की काचेवर लिहिलेली किंमत म्हणजे शेवटची?" करतात गं, सर्रास करतात. फक्त आवाज चढत नाही आणि कुणी कुणाला कमी लेखत नाही. पिनरच्या हाय स्ट्रीटवर दर वर्षी जत्रा भरते ना, तिची सनद तिसऱ्या एडवर्ड राजाने 1336 मध्ये दिली होती. इतकी शतकं जिथे देवघेव चालली आहे, तिथे भाव विचारला म्हणून कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

खरी अडचण आपल्या मनात असते. आपले उच्चार वेगळे, आपण नवे, लोक चिकट म्हणतील, म्हणून आपण गप्प बसतो आणि सांगतील तेवढे पैसे भरून येतो. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणारी बाई इथे आठ-दहा हजार पौंडांच्या गाडीसमोर एक शब्द बोलत नाही, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. ते पैसे तुम्ही दोघांनी रात्री-अपरात्री काम करून साठवलेले आहेत. ते जपून खर्च करणं यात लाजण्यासारखं काही नाही.

भाव ठरवायचं निम्मं काम घरात बसून होतं. जाहिरातीतल्या फोटोत गाडीचा नंबर दिसतो. तो सरकारी संकेतस्थळावर टाकलास की त्या गाडीच्या एमओटी चाचण्यांचा इतिहास फुकट वाचता येतो. गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची ही चाचणी, गाडीला तीन वर्षं झाली की दर वर्षी करावी लागते. कोणत्या साली पास झाली, कधी नापास झाली, तेव्हा मैलांचा आकडा किती होता, सगळं तिथे असतं. मैलांचा आकडा एखाद्या वर्षी मागे गेलेला दिसला तर ती गाडी लगेच सोड. पण त्याहून कामाच्या असतात त्या 'ॲडव्हायझरी', म्हणजे गाडी पास झाली तरी तपासणाऱ्याने लिहून ठेवलेल्या सूचना. पुढचे टायर झिजत आलेत, ब्रेकच्या चकत्या पातळ झाल्यात, खालून गंज धरलाय. टायरची खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा ठरतं. दोन वर्षं तीच सूचना परत परत लिहिलेली दिसली तर समजायचं की आधीच्या मालकाने खर्च टाळला आणि आता तो तुझ्यावर येणार. हे कागद छापून सोबत ने. "किंमत जरा कमी करा ना" या विनवणीपेक्षा "पुढचे दोन टायर तीन महिन्यांत बदलावे लागतील, त्याचं काय करायचं?" हा प्रश्न कितीतरी जड पडतो.

एमओटीच्या इतिहासात दोन गोष्टी कळत नाहीत. गाडीवर जुनं कर्ज बाकी आहे का आणि विमा कंपनीने तिला कधी मोडीत काढली होती का. त्यासाठी थोडे पौंड भरून वेगळी तपासणी करून घे, तिथे कंजुषी करू नकोस. हप्त्यांवर घेतलेल्या गाडीचं कर्ज फिटेपर्यंत मालकी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे असते. आणि 'कॅटेगरी एस' असा शेरा असेल तर गाडीच्या सांगाड्याला मार बसलेला असतो. अशी गाडी दुरुस्त होऊन विकायला येते, ते बेकायदाही नाही, पण लहान मूल मागे बसवायचं तर मी ती घेणार नाही आणि तूही घेऊ नकोस.

आता आपल्या भागातला एक खास धोका सांगते. पिनर लंडनच्या अगदी काठावर आहे. थोडं उत्तरेला गेलं की हर्टफर्डशर लागतं, वॉटफर्ड तिथलं. 29 ऑगस्ट 2023 पासून युलेझ, म्हणजे धुराच्या गाड्यांवरचा आकार, लंडनच्या सगळ्या बरोंना लागू झाला. पिनरसकट हॅरो त्यात आलं, वॉटफर्ड बाहेर राहिलं. त्यामुळे तिकडे एखादी जुनी डिझेल गाडी फार स्वस्तात दिसते. ती पिनरमध्ये आणलीस की ज्या दिवशी चालवशील त्या दिवशी 12.50 पौंड. महिन्यात बावीस दिवस शाळा-ऑफिस केलंस तर 275 पौंड झाले. साधारणपणे 2006 नंतरची पेट्रोल आणि सप्टेंबर 2015 नंतरची डिझेल गाडी यातून सुटते, पण अंदाजावर राहू नकोस. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून खात्री कर. विम्याचा भावही त्याच नंबरावर आधी काढून बघ. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बाराच महिने गाडी चालवता येते, आणि नव्या माणसाचा विमा कधी कधी इतका निघतो की गाडीच बदलावी लागते. डीलरशी बोलणी झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

कधी जायचं? शनिवारी तिथे गर्दी असते, तुझ्याशी बोलायला कुणाला सवड नसते. आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी जा. जमल्यास मार्च, जून, सप्टेंबर किंवा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जा, कारण बहुतेक विक्रेत्यांचे आकडे तिमाहीला मोजले जातात. शिवाय 1 मार्च आणि 1 सप्टेंबरला नव्या नंबरप्लेटा निघतात, लोक जुनी गाडी देऊन नवी घेतात, तेव्हा डीलरांच्या आवारात जुन्या गाड्या भरपूर येतात. आणि उजेडात जा. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, त्यात पत्र्यावरचा पोचा दिसत नाही. इंजिन थंड असताना सुरू करून बघ, म्हणजे आधीच तापवून ठेवलेल्या गाडीचा खडखडाट लपत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट लक्षात ठेव. चहा-कॉफी विचारून झाली की समोरचा गोड आवाजात विचारेल, "महिन्याला साधारण किती परवडेल?" या प्रश्नाला आकडा द्यायचा नाही. एकदा महिन्याचा आकडा दिलास की गाडीची किंमत बोलण्यातून नाहीशीच होते. हप्ता 220 चा 195 करून देतो म्हणतील आणि हळूच मुदत छत्तीस महिन्यांची अठ्ठेचाळीस होईल. गुणून बघ: 220 गुणिले 36 म्हणजे 7,920 आणि 195 गुणिले 48 म्हणजे 9,360. हप्ता पंचवीस पौंडांनी उतरला आणि तुझ्या खिशातून 1,440 पौंड जास्त गेले. पीसीपी नावाचा प्रकार असेल तर शेवटी एक मोठी रक्कम भरल्याशिवाय गाडी तुझी होतच नाही. म्हणून क्रम असा ठेव: आधी गाडीची पूर्ण किंमत, मग जुनी गाडी द्यायची असेल तर तिची किंमत, आणि कर्जाचं अगदी शेवटी. तिन्हींची खिचडी होऊ द्यायची नाही. कर्जाचा वार्षिक दर विचार आणि बँकेच्या दराशी ताडून बघ. एकेकाळी काही योजनांत व्याजदर जितका चढा तितकं डीलरचं कमिशन जास्त, अशी सोय होती. 28 जानेवारी 2021 पासून त्यावर बंदी आली, तरी कमिशन संपलेलं नाही, तेव्हा विचारायला कचरू नकोस.

किंमत सांगताना कारण सांग, आकडा सांग आणि थांब. हे थांबणं आपल्याला जमत नाही. शांतता पडली की आपणच घाईघाईने "नाही, म्हणजे, थोडं वर-खाली चालेल" असं म्हणून टाकतो. नको म्हणूस. त्याला विचार करू दे, आतल्या खोलीत मॅनेजरला विचारून येऊ दे. काही मोठ्या दुकानांत किंमत खरंच ठरलेली असते. तिथे हट्ट न धरता इतर गोष्टी माग: सूचना न येता पास झालेली नवी एमओटी, सर्व्हिसिंग, दोन टायर, दुसरी किल्ली. दुसऱ्या किल्लीकडे लोक दुर्लक्ष करतात आणि नंतर ती करून घ्यायला शेकडो पौंड मोजतात. विक्रेत्याला काचेवरची किंमत उतरवण्यापेक्षा स्वतःच्या गॅरेजमधलं काम करून देणं सोपं जातं, म्हणून यात पुष्कळदा यश येतं.

आणि हो, तिथे बसून नवऱ्याशी मराठीत मसलत करू नकोस. आपल्या हॅरो भागात समोरचा माणूस गुजराती असण्याचा संभव बराच, त्याला आपलं मराठी कळू शकतं. आपला माणूस भेटला की बरं वाटतं, मलाही वाटतं. गप्पा मार, आपुलकी ठेव, पण म्हणून कागद मागायचे सोडू नकोस. प्रामाणिक डीलर असेल तर त्यालाही त्यात काही वावगं वाटणार नाही. आणखी एक. विक्रेता बऱ्याचदा बाईकडे पाठ करून नवऱ्याशीच बोलतो. गाडी तू चालवणार आहेस, इतिहास तू वाचला आहेस, तर बोलणीही तूच कर. नवऱ्याला आधीच सांगून ठेव की "मला आवडली बुवा ही" हे वाक्य त्याने आवाराबाहेर पडेपर्यंत उच्चारायचं नाही.

माझ्या नणंदेच्या वेळी एका डीलरने सगळं ठरल्यावर बिलात 'ॲडमिन फी' घातली होती. तिने शांतपणे सांगितलं की जाहिरातीत ती नव्हती, आणि ती उतरली. आता तर एप्रिल 2025 पासून कायदाच आहे की टाळता न येणारं शुल्क जाहिरातीच्या किमतीतच धरलं पाहिजे. पेंटवरचं संरक्षण, जादा वॉरंटी, विम्याची जोड, यांपैकी कशालाही त्याच दिवशी हो म्हणायची गरज नाही. घरी जाऊन बाहेरचे भाव बघ. "आज सही केली तरच ही किंमत" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून ऊठ. त्याच वयाची, तेवढीच चाललेली दुसरी गाडी राइसलिपला किंवा वेम्बलीला मिळतेच.

पैसे देताना अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर दे, ती थोडी असली तरी. 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75 प्रमाणे शंभर पौंडांहून जास्त आणि तीस हजारांपर्यंतच्या वस्तूसाठी कार्ड कंपनीही डीलरइतकीच जबाबदार धरता येते, आणि त्यासाठी सगळी रक्कम कार्डावर असावी लागत नाही. ठरलेली प्रत्येक गोष्ट, टायर असो की किल्ली, पावतीवर लिहून घे. 'व्ही-फाईव्ह-सी' हे लॉगबुक बघ, पण त्यावर ज्याचं नाव असतं तो नोंदणीकृत वापरणारा, मालकीचा पुरावा म्हणून ते चालत नाही. तो पुरावा तुझी पावती. आधीच्या माणसाने भरलेला रोड टॅक्स 2014 पासून गाडीबरोबर येत नाही, तेव्हा गाडी रस्त्यावर काढायच्या आधी विमा आणि टॅक्स दोन्ही तुझ्या नावाने हवेत.

एवढं करूनही गाडी खराब निघाली तर घाबरू नकोस. डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीलाही 2015 चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. गाडी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत मोठा दोष आढळला तर ती परत देऊन पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दोष आधीपासूनचा होता असंच धरलं जातं. डीलरला दुरुस्तीची एक संधी मिळते, ती वाया गेली तर गाडी परत करता येते, वापरापोटी थोडी रक्कम कापली जाऊ शकते. पावतीवर 'सोल्ड ॲज सीन' लिहिलं म्हणून डीलरची यातून सुटका होत नाही. तक्रार फोनवर न करता ईमेलने कर, म्हणजे तारीख राहते. खाजगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला मात्र हे संरक्षण जवळजवळ नाही. आणि नुसतं मन बदललं म्हणून शोरूममध्ये घेतलेली गाडी परत करता येत नाही. घरबसल्या दुरून खरेदी केली असेल तर चौदा दिवस मिळतात.

आता दोन-तीन गाड्या निवड आणि त्यांचे नंबर मला पाठव. एमओटीचे इतिहास आपण दोघी मिळून वाचू आणि आकडा ठरवू. फक्त अनामत भरायच्या आधी पाठव गं, नंतर नको.