यकृताचे पहारेकरी व लोखंडाचे सूक्ष्म कण

लोहचुंबकाकडे टांचण्या कशा धांवतात हें आपण शाळेंत पाहिलेंच आहे. त्याच लोखंडाचे अत्यंत सूक्ष्म कण माणसाच्या रक्तांत सोडून यकृतांतील रोग शोधतां येतो, असें सांगितलें तर कोणासही आश्चर्य वाटेल. परंतु गोष्ट खरी आहे, व ती समजण्यास शालेय विज्ञान पुरेसें आहे.

प्रथम यकृताचें काम पाहूं. आंतड्यांतून येणारें रक्त इतर शरीरांत जाण्यापूर्वीं यकृतांतून जातें. त्यांत अन्नरसाबरोबर जंतु व इतर परके पदार्थ येण्याचा संभव असतो. म्हणून यकृतांतील बारीक रक्तमार्गांच्या कडेस एका जातीच्या पेशी पहारा करीत असतात. कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या नांवावरून त्यांस कुप्फरच्या पेशी म्हणतात. परका कण आला कीं त्या त्यास धरून गिळून टाकतात. पित्त तयार करणें वगैरे यकृताचीं नेहमींचीं कामें करणाऱ्या मुख्य पेशी ह्यांहून निराळ्या.

आतां कणांकडे वळूं. लोखंडाच्या ऑक्साइडच्या स्फटिकांस डेक्स्ट्रान नांवाच्या, साखरेच्या वर्गांतील द्रव्याचें वेष्टन देऊन हें औषध करतात. अमेरिकेंत १९९६ सालीं मान्यता मिळालेल्या अशा एका औषधांतील कण सुमारें १२० ते १८० नॅनोमीटर आकाराचे होते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लाखावा भाग. असे सहा-सात हजार कण एका ओळींत ठेवावे, तेव्हां कोठें एक मिलिमीटर भरतो! हे कण चुंबकाच्या क्षेत्रांत जोरानें चुंबकित होतात. क्षेत्र दूर होतांच त्यांचें चुंबकत्व नाहींसें होतें. त्यामुळें ते एकमेकांस चिकटून बसत नाहींत. शिरेंतून दिल्यावर पहारेकरी पेशी त्यांस परके समजून गिळतात.

ह्यानंतर रोग्यास मोठ्या चुंबकाच्या पोकळींत निजवून 'एम्. आर्. आय्.' चित्र घेतात. शरीरांतील पाण्यांत हायड्रोजन असतो. त्याच्या अणुकेंद्रांस रेडिओलहरींनीं चेतविलें म्हणजे तीं क्षणभर उलट लहरी सोडतात, व त्यांवरून संगणक आंतील चित्र तयार करतो. पॉल लॉटरबर यांनीं ह्या रीतीचें चित्र १९७३ सालीं प्रसिद्ध केलें; त्यांस व पीटर मॅन्सफिल्ड यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. लोखंडाचे कण असतात तेथें चुंबकक्षेत्र विस्कळित होऊन जवळच्या पाण्याच्या लहरी लवकर विझतात, आणि तो भाग चित्रांत काळा पडतो.

ह्या युक्तीचें मर्म आतां ध्यानीं येईल. निरोगी यकृतांत पहारेकरी असल्यानें तें काळें दिसतें. दुसऱ्या इंद्रियांतून येऊन यकृतांत रुजलेल्या कर्करोगाच्या गांठींत पहारेकरी नसतात, म्हणून ती गांठ उजळ राहते. औषध खूण करतें ती निरोगी भागावर. खुणेवांचून जो भाग उरला तेथें रोगाचा संशय. शस्त्रवैद्यास ही माहिती फार मोलाची असते. आंतड्याचा कर्करोग यकृतांत पसरला, पण गांठी थोड्या असल्या, तर पुष्कळ वेळां तेवढा भाग कापून काढतां येतो व उरलेलें यकृत पुन्हां वाढतें. परंतु एखादी बारीक गांठ नजरेंतून सुटली तर रोग्यानें एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसूनही रोग मागें राहतो.

रक्तांत सोडलेल्या लोखंडाचें पुढें काय होतें? वरील औषधाची मात्रा दर किलोग्रॅम वजनास ०.५६ मिलिग्रॅम लोह, म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसास सुमारें ३४ मिलिग्रॅम, इतकी होती. आपल्या शरीरांत मुळांतच तीन-चार ग्रॅम लोह असतें. पेशी हे कण हळूहळू विरघळवितात, आणि तें लोह शरीराच्या सांठ्यांत मिसळून नवें रक्त बनविण्याच्या कामीं येतें.

ह्या रीतीस मर्यादाही आहेत. यकृतांतच उत्पन्न होणाऱ्या कांहीं कर्करोगांत आरंभीं पहारेकरी पेशी शिल्लक असतात; अशा गांठी निरोगी भागाप्रमाणेंच काळ्या पडून लपतात. यकृत बिघडून कठीण झालें असेल, तर तेंही कण नीट घेत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञांनीं मुख्य पेशींकडे कण पोंचविण्याचा मार्ग शोधला. त्या पेशींच्या पृष्ठभागावर गॅलॅक्टोज नांवाची साखर ओळखून धरणारें एक प्रथिन असतें. तेव्हां लार्च वृक्षापासून मिळणाऱ्या, गॅलॅक्टोज असलेल्या द्रव्याचें वेष्टन कणांस देऊन १९९० च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग झाले. कुलुपास त्याचीच किल्ली लागावी तसे ते कण त्या पेशींस लागले.

१९९६ सालचें तें औषध बनविणें पुढें बंद झालें. आज यकृताच्या चित्रासाठीं गॅडोलिनियम धातूचें, मुख्य पेशी शोषून घेतात असें औषध पुष्कळ ठिकाणीं वापरतात. त्यानें निरोगी यकृत उजळ व बाहेरून आलेली गांठ काळी दिसते. रंग उलटले, विचार तोच राहिला.

निर्मात्यानें शरीरांत जी व्यवस्था ठेविली होती, ती माणसानें धीरानें पाहिली व मग तिचा उपयोग करून घेतला. १८७६ सालीं सूक्ष्मदर्शकांतून यकृताच्या पेशी पाहणाऱ्या कुप्फरला चुंबकानें काढलेल्या चित्राची कल्पनाही नव्हती. म्हणून वर्गांत टांचण्यांचा प्रयोग चालला असतां, किंवा सूक्ष्मदर्शकाखालीं कांद्याचा पापुद्रा ठेवला असतां, 'ह्याचा उपयोग काय?' असें म्हणून कोणीही कंटाळूं नये.